प्रतीक्षायादीतला सातवा क्रमांक

वाचकाचे पत्र

मृदा सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. होऊन मला दोन वर्षे झाली. पिकांच्या मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीवर पीएच.डी. करायची, असे ठरवून मी शासकीय संशोधन शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. लेखी परीक्षा झाली, मुलाखतही चांगली झाली, आणि निकालात माझे नाव प्रतीक्षायादीत सातव्या क्रमांकावर आले. यंदा अंदाजपत्रकात कपात झाल्यामुळे जागा जवळजवळ निम्म्यावर आल्या आहेत; गेल्या वर्षीइतक्या जागा असत्या तर मी सहज निवडले गेले असते. ज्यांच्याकडे मला काम करायचे आहे ते सर म्हणतात, “तू नोंदणी करून टाक, पैशांचे पुढे बघू.” विभागातले एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणतात, की विषय बदल आणि सरकारच्या अग्रक्रमाच्या क्षेत्रातला घे. माझ्याच प्रयोगशाळेतल्या मित्राची निवड झाली आहे, आणि खरे सांगायचे तर निकाल लागल्यापासून त्याच्याशी माझे धड बोलणे नाही. मी नोंदणी करावी, पुन्हा अर्ज करावा, की हा नाद सोडून द्यावा?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुम्ही तीन प्रश्न विचारले आहेत आणि एक न विचारता सांगितला आहे. तिन्हींची उत्तरे आधी देतो, कारणे मागाहून. पैशांची लेखी व्यवस्था झाल्याशिवाय नोंदणी करू नका. पुढच्या फेरीत पुन्हा अर्ज करा. विषय बदलू नका. मात्र तो मांडण्याची पद्धत बदलावी लागेल. मित्राचे प्रकरण शेवटी घेतो, कारण माझ्या मते ते तुम्हाला वाटते तितके किरकोळ नाही.

प्रथम ‘जागा निम्म्यावर आल्या’ याचा हिशेब समजून घेऊ. बहुतेक विद्यार्थी तो कधी मांडत नाहीत आणि त्यामुळे स्वतःविषयी चुकीचे निष्कर्ष काढतात. समजा, एखादी शिष्यवृत्ती पाच वर्षांची आहे आणि दर वर्षी शंभर नवे विद्यार्थी घेतले जातात. म्हणजे कोणत्याही वर्षी पाचशे विद्यार्थ्यांचा खर्च चालू असतो. आता तरतूद दहा टक्क्यांनी कमी झाली, तर साडेचारशे विद्यार्थ्यांपुरतेच पैसे उरतात. आधीपासून चालू असलेल्या चारशे जणांना मध्येच सोडता येत नाही, कारण त्यांना शासनाने पत्रे दिलेली असतात. त्यामुळे सगळी कपात नव्यांच्या वाट्याला येते आणि शंभरऐवजी पन्नास जागा निघतात. बातमीत दहा टक्के दिसतात आणि दारात उभ्या असलेल्या माणसाला पन्नास टक्के लागतात, ते या कारणाने. यात कोणी तुमच्याविरुद्ध निर्णय घेतलेला नसतो. तो निर्णय लेखाशीर्षाच्या, म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या सदराच्या पातळीवर, तुमचा अर्ज कोणी उघडण्याच्या पुष्कळ आधी झालेला असतो.

हाच हिशेब आणखी एक वर्ष पुढे नेला तर एक गोष्ट दिसते, जी मला तुम्हाला मुद्दाम दाखवायची आहे. तरतूद पुढच्या वर्षीही तेवढीच, साडेचारशे जणांपुरतीच राहिली, तर जुन्यांपैकी शंभर जणांची मुदत संपलेली असेल आणि चालू असलेल्यांत तीन जुन्या तुकड्यांचे तीनशे व यंदाचे पन्नास, असे साडेतीनशे उरतील. म्हणजे नव्यांसाठी पुन्हा शंभर जागा निघतात. नवी कपात झाली नाही, तर पहिल्या कपातीचा सगळा भार एकाच तुकडीवर पडतो आणि पुढची तुकडी जवळपास पूर्ववत होते. प्रत्यक्षात हिशेब इतका स्वच्छ नसतो. कोणी अधिकारी कपात दोन-तीन वर्षांत विभागतो, कुठे मुदतवाढ दिलेली असते, कुठे कपातीवर दुसरी कपात येते, आणि यंदा डावलले गेलेले सगळे पुढच्या वर्षी पुन्हा रांगेत उभे राहत असल्यामुळे स्पर्धकांची संख्याही फुगते. तरीही ‘यंदा निम्म्या, म्हणजे पुढच्या वर्षी त्याहून निम्म्या’ ही जी भीती मनात बसते, तिला या गणितात आधार नाही. पुन्हा अर्ज करा असे मी म्हणतो ते धीर देण्यासाठी नव्हे. आकडे तसे सांगतात म्हणून.

तुमच्यासारखी परिस्थिती किती मोठ्या प्रमाणावर आली होती, याचे अलीकडचे उदाहरण अमेरिकेतले आहे. तेथील नॅशनल सायन्स फाउंडेशनची पदव्युत्तर संशोधनासाठीची फेलोशिप १९५२ पासून चालू आहे आणि अलीकडच्या वर्षांत तिच्यात साधारण दोन हजार जणांची निवड होत असे. २०२५ च्या एप्रिलमध्ये मात्र एक हजार नावांचीच यादी लागली. तीन हजारांहून अधिक जणांना ‘सन्माननीय उल्लेख’ मिळाला, ज्यात पैसे नसतात. मग जून महिन्यात आणखी पाचशे फेलोशिप जाहीर झाल्या आणि त्या याच उल्लेखप्राप्त विद्यार्थ्यांमधून देण्यात आल्या. त्या पाचशे जणांचा विचार करा. एप्रिलमधला त्यांचा अर्ज आणि जूनमधला त्यांचा अर्ज एकच होता. मधल्या काळात त्यांनी एकही ओळ नव्याने लिहिलेली नव्हती. एप्रिलच्या यादीवरून त्यांच्यापैकी कोणी ‘मी संशोधनाच्या लायकीचा नाही’ असे ठरवून प्रयोगशाळा सोडली असती, तर ते दोन महिन्यांत खोटे ठरले असते.

मी काही वर्षे निवड समित्यांवर बसलो आहे. कोणत्या ते सांगण्यात अर्थ नाही, कारण सगळीकडचे चित्र सारखेच असते. पहिले दहा-बारा अर्ज कोणीही वाचले तरी वरच राहतात आणि तळाचे तिसऱ्या पानाच्या आत बाजूला पडतात. या दोन्हींवर फारसा वाद होत नाही. वाद मधल्या अर्जांवर होतो, आणि तो दिवसाच्या शेवटी, सगळे थकलेले असताना होतो. एका अशाच बैठकीत पंचविसाव्या आणि एकेचाळिसाव्या क्रमांकांमध्ये पूर्ण एका गुणाचाही फरक नव्हता. अध्यक्षांनी तक्ता पुढे सरकवला आणि म्हणाले, “इथून खाली सगळे सारखेच आहेत, रेघ कुठे मारायची ते कार्यालय सांगेल.” कार्यालयाने सांगितले, आणि रेघ पडली. त्या रेघेखालच्या पहिल्या माणसाला आपण कशात कमी पडलो हे कोणी सांगू शकले नसते, कारण तो कशात कमी पडलेलाच नव्हता. प्रतीक्षायादीतला सातवा क्रमांक हा बहुतेक वेळा याच पट्ट्यातला असतो.

हे केवळ माझे निरीक्षण नाही. नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे आलेले अनुदानाचे प्रस्ताव दुसऱ्या परीक्षकांकडून स्वतंत्रपणे तपासून घेऊन केलेला एक अभ्यास १९८१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. प्रस्तावाचे भवितव्य साधारण निम्मे त्याच्या गुणांवर आणि निम्मे परीक्षक कोण वाट्याला येतात या योगायोगावर ठरते, असा त्याचा निष्कर्ष होता. ब्रिटिश अकॅडमीने तर २०२२ पासून आपल्या लहान संशोधन अनुदानांसाठी गुणवत्तेची पातळी ओलांडलेल्या अर्जांमधून सरळ सोडत काढण्याचा प्रयोग सुरू केला. मला ती पद्धत पूर्णपणे पटते असे नाही, पण तिच्यातला प्रामाणिकपणा पटतो. जिथे समितीला फरक दिसत नाही, तिथे दशांशचिन्हानंतरच्या आकड्यांनी तो दिसतो असे भासवणे तिने थांबवले.

आता तुमच्या सरांविषयी. ते तुम्हाला फसवत आहेत असे मी मुळीच म्हणत नाही. बहुतेक मार्गदर्शक असे मनापासूनच म्हणतात, कारण त्यांच्या उमेदवारीच्या काळात पैसे खरोखरच ‘पुढे’ मिळाले होते. शिवाय कपातीच्या दिवसांत हुशार विद्यार्थी हातचा जाऊ नये, अशीही एक काळजी असते. पण ‘पुढे बघू’ या शब्दांना लेखाविभागात किंमत नाही, आणि नोंदणीनंतर तुमच्या हातून एक गोष्ट निसटू शकते, जिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष असते. अनेक शिष्यवृत्त्यांची पात्रता नोंदणीच्या दिवसापासून मोजली जाते. नोंदणीला अमुक महिने किंवा वर्षे झालेल्यांनी अर्ज करू नये, अशी अट असते, आणि ती मध्येच बदलतेही. वर सांगितलेल्या अमेरिकी फेलोशिपला पूर्वी डॉक्टरेटच्या दुसऱ्या वर्षातील विद्यार्थीही अर्ज करू शकत असत. २०२५ च्या शरदातील अधिसूचनेने त्यांना वगळले, तेही अर्जाची मुदत तोंडावर आलेली असताना. ज्यांनी ‘पहिल्या वर्षी तयारी करू, दुसऱ्या वर्षी अर्ज भरू’ असे ठरवले होते, त्यांची संधी न वापरताच संपली. तुम्ही आज पैशाविना नोंदणी केली, तर तुमच्या पात्रतेचे घड्याळ चालू होते आणि शिष्यवृत्ती मात्र हातात नसते. म्हणून ज्या योजनांना तुम्ही पुढे अर्ज करणार आहात, त्या प्रत्येकीची पात्रतेची अट नोंदणीपूर्वी शब्दशः वाचा. माहितीपुस्तिकेच्या सारांशावर विसंबू नका. मूळ अधिसूचना वाचा.

सरांना भेटाल तेव्हा अवघडून न जाता चार-पाच गोष्टी विचारा. पैसे कोणत्या प्रकल्पातून येणार आहेत आणि तो प्रकल्प मंजूर आहे की केवळ पाठवलेला आहे? त्यात मनुष्यबळाचे लेखाशीर्ष आहे का, की फक्त उपकरणे आणि रसायने आहेत? प्रकल्प किती महिन्यांचा उरला आहे? तुमच्या प्रबंधाचा विषय आणि प्रकल्पाचे काम एकच असेल, की दिवसा एक आणि रात्री दुसरे करावे लागेल? आणि हे सगळे ते एका छोट्या पत्रात लिहून देऊ शकतील का? चांगला मार्गदर्शक या प्रश्नांवर रागावत नाही. उलट, जो विद्यार्थी आधी हे विचारतो तो पुढे अर्धवट सोडून जात नाही, हे त्याला ठाऊक असते. त्यांच्याकडे मंजूर प्रकल्प असेल आणि नोंदणीविना प्रकल्प सहायक म्हणून घेण्याची सोय असेल, तर ती मात्र आनंदाने स्वीकारा. काम हातात राहते, महिन्याचे पैसे येतात आणि पात्रतेचे घड्याळ बंद राहते.

शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे प्रश्न सुटला, असेही समजू नका, कारण कपात नेहमी जागा घटवूनच येते असे नाही. कधी रक्कम वर्षानुवर्षे जागच्या जागी ठेवून ती केली जाते. कॅनडात २००३ मध्ये सुरू झालेल्या शासकीय पदव्युत्तर शिष्यवृत्तीची एम.ए., एम.एस्सी. स्तरावरील रक्कम १७,५०० डॉलर होती. ती वाढून २७,००० डॉलर झाली ती थेट २०२४ च्या अंदाजपत्रकात. मधली दोन दशके महागाई तेवढी वाढत राहिली, आणि कागदावर मात्र कोणीही एक डॉलरची कपात केलेली नव्हती. कधी योजनाच बंद होते. भारतात अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२-२३ पासून बंद करण्यात आली आणि इतर योजनांशी ती एकमेकांवर येते, असे कारण संसदेत देण्यात आले. आणि कधी निवड होते, पण पैसे ‘उपलब्ध झाल्यास’ मिळतात. भारत सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीसाठी २०२५-२६ मध्ये १०६ जणांची निवड जाहीर झाली, तेव्हा पहिल्या खेपेस ४० जणांनाच तात्पुरती पत्रे मिळाली आणि उरलेल्या ६६ जणांना निधीच्या उपलब्धतेनुसार पत्रे दिली जातील, असे कळवण्यात आले. निवडपत्रात असा शब्दप्रयोग दिसला, तर नोकरीचा राजीनामा किंवा विमानाचे तिकीट हे दोन्ही त्या वाक्याचा निकाल लागेपर्यंत थांबवावे.

विषय बदलण्याच्या सल्ल्याकडे येतो. त्या ज्येष्ठ प्राध्यापकांचे म्हणणे वाऱ्यावर सोडण्यासारखे नाही. पैसे आटतात तेव्हा सरकारे उरलेला निधी काही निवडक क्षेत्रांकडे वळवतात, ही वस्तुस्थिती आहे. पण अग्रक्रमाचे क्षेत्र ज्या वेगाने बदलते, त्या वेगाने पीएच.डी. होत नाही. आज जे क्षेत्र यादीच्या शिरोभागी आहे, ते तुमचा प्रबंध बांधून होईपर्यंत तिथे असेलच असे नाही. शिवाय मुलाखतीत तीन महिन्यांपूर्वी उचललेला विषय पाचव्या मिनिटाला उघडा पडतो. समितीत त्या विषयातला एक तरी माणूस असतो, आणि त्याला काही फार खोल विचारावे लागत नाही, “हे मोजणार कसे?” एवढे विचारले तरी पुरते. बुरशीच्या प्रस्तावाच्या शीर्षकात ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे शब्द जोडून काही साधत नाही. असे प्रस्ताव आम्ही इतके पाहिले आहेत, की आता ते शब्द शीर्षकात आले की हात आपोआप पद्धतीच्या परिच्छेदाकडे जातो आणि तिथे ते शब्द सापडत नाहीत.

तुमच्या विषयाला अशा ठिगळाची गरजही नाही. मुळांशी सहजीवन करणारी बुरशी पिकाला स्फुरद (फॉस्फरस) मिळवून द्यायला मदत करते, हे माहीत असलेला कोणताही नियोजनकर्ता खतांच्या खर्चाचा विचार केल्याशिवाय राहणार नाही. प्रश्न एवढाच, की तुमच्या प्रस्तावाच्या पहिल्या पानावर हे त्याला दिसते का. तुम्ही प्रस्तावाचे पहिले पान पत्रासोबत जोडले, ते बरे केले. त्याची सुरुवात अशी आहे : “मृदा आरोग्य हा आजच्या काळातील एक अत्यंत महत्त्वाचा विषय असून त्याकडे जागतिक पातळीवर लक्ष वेधले जात आहे.” हे वाक्य खोटे नाही, पण ते तुमचे नाही. तुमच्या आधीच्या आणि नंतरच्या अर्जातही ते जवळपास याच शब्दांत असते, आणि सायंकाळी पाच वाजता तिसाव्यांदा ते वाचणाऱ्या परीक्षकाची नजर तिथून घसरते ती थेट दुसऱ्या परिच्छेदावर. तुमचा खरा प्रश्न पहिल्या पानाच्या शेवटच्या तीन ओळींत दडलेला आहे. तो वर आणला तर सुरुवात अशी होईल : “नांगरटीमुळे मातीतले बुरशीचे धाग्यांचे जाळे तुटते. ते पुन्हा कार्यक्षम व्हायला किती काळ लागतो आणि त्या काळात पिकाला स्फुरद किती कमी मिळते, हे एकाच शेतात, एकाच हंगामात मोजण्याचा हा प्रस्ताव आहे.” आता परीक्षकाला तीन गोष्टी कळल्या : काय तुटते, काय मोजायचे आहे आणि त्याचा उपयोग कुणाला आहे. महत्त्व सांगावे लागले नाही, ते दिसले.

दुसरी दुरुस्ती कामाच्या आराखड्याची. तुम्ही तीन वर्षांत चार पिके, तीन प्रकारच्या जमिनी आणि जनुकीय विश्लेषण असे सगळे मांडले आहे. सुबत्तेच्या काळात याला महत्त्वाकांक्षा म्हणतात. कपातीच्या काळात समितीला त्यात न संपणारा खर्च दिसतो. एक पीक, दोन जमिनी, आणि ‘निधी कमी पडला तरी एवढे नक्की पूर्ण होईल’ असा एक स्पष्ट टप्पा लिहा. कोणते विश्लेषण महाग आहे आणि ते न झाल्यास त्याऐवजी काय करता येईल, हेही एका वाक्यात लिहा. मुळांचे तुकडे रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीची व्याप्ती मोजण्याची जुनी पद्धत आजही वापरली जाते आणि तिला फारसा खर्च येत नाही. हे ज्याला माहीत आहे तो विद्यार्थी पैसे जपून वापरील, असे समितीला वाटते, आणि सध्या समितीला नेमका तोच विश्वास हवा असतो.

शिफारसपत्रांबद्दल थोडक्यात. शेवटच्या आठवड्यात मागितलेले पत्र शेवटच्या आठवड्यात लिहिल्यासारखेच उतरते. महिनाभर आधी प्रस्तावाचा मसुदा आणि तुम्ही त्यांच्याकडे केलेल्या कामाचे एक पान घेऊन जा, आणि “माझ्याविषयी खात्रीने लिहिता येईल का?” असे सरळ विचारा. समोरचा माणूस क्षणभर थबकला, तर दुसऱ्याकडे जा. ‘मेहनती व नम्र विद्यार्थिनी’ एवढेच सांगणारे पत्र निवडीच्या कामाचे नसते. तुम्ही एखादा बिघडलेला प्रयोग कसा सावरलात, याची चार वाक्ये त्याहून जास्त उपयोगी पडतात.

आता तुमच्या मित्राविषयी. तुमची चुरस त्याच्याशी होती असे तुम्हाला वाटते, कारण तो शेजारच्या टेबलावर बसतो. प्रत्यक्षात ती शेकडो अनोळखी अर्जदारांशी होती, आणि तो निवडला गेला नसता तर त्याची जागा प्रतीक्षायादीतल्या पहिल्याला मिळाली असती, सातव्याला नव्हे. रुसवा सोडण्यासाठी मी मोठेपणाचा उपदेश करणार नाही. साधा व्यवहार सांगतो. यंदाच्या तंग फेरीत यशस्वी झालेला एक संपूर्ण प्रस्ताव तुमच्यापासून दोन हातांवर आहे, आणि तो लिहिणाऱ्याला मुलाखतीत काय विचारले गेले हेही त्याच्या लक्षात आहे. असा दस्तऐवज पैसे देऊनही मिळत नाही. त्यालाही तुमच्यासमोर आनंद दाखवताना संकोच होत असणार, म्हणून बोलणे तुम्हीच सुरू करावे लागेल. “तुझा प्रस्ताव वाचायला देशील का?” एवढे म्हणणे पुरे आहे, निकालाचा विषय काढण्याचीही गरज नाही. माझ्या माहितीतल्या एका विभागात चार विद्यार्थी अर्जापूर्वी एकमेकांचे प्रस्ताव लाल पेन घेऊन वाचत. चौघांचीही निवड एकाच वर्षी झाली नाही, पण चौघांचेही प्रस्ताव सुधारले. कपातीचा एक परिणाम अंदाजपत्रकात दिसत नाही : लोक एकमेकांपासून कागद लपवू लागतात, आणि मग प्रत्येक जण तीच चूक स्वतंत्रपणे करतो.

राहिला प्रश्न नाद सोडण्याचा. यावर दोन अभ्यास आहेत आणि ते वेगवेगळ्या दिशांना बोट दाखवतात, म्हणून दोन्ही सांगतो. नेदरलँड्समधल्या तरुण संशोधकांच्या अनुदानावरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रेघेच्या किंचित वर राहिलेल्यांनी पुढच्या आठ वर्षांत किंचित खाली राहिलेल्यांच्या दुपटीहून अधिक निधी मिळवला, असे आढळले. त्याचे एक कारण लक्षात घेण्यासारखे होते : खाली राहिलेले पुढे अर्जच कमी करत होते. दुसरा अभ्यास २०१९ चा, अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या अनुदानावरचा. थोडक्यात हुकलेल्यांपैकी काही जण त्या व्यवस्थेतून कायमचे बाहेर पडले, पण जे टिकले त्यांचे पुढचे काम थोडक्यात यशस्वी झालेल्यांच्या कामापेक्षा जास्त प्रभावी ठरले. कच्चे गळाल्यामुळे हा फरक दिसतो का, हे संशोधकांनी तपासले आणि तो भाग वगळूनही फरक उरतो, असे त्यांचे म्हणणे आहे. मी या दुसऱ्या निष्कर्षाचा टेकू म्हणून वापर करणार नाही, कारण बाहेर पडलेल्यांनी काय गमावले हे त्यात मोजलेले नाही आणि अपयश औषधासारखे घ्यावे असेही मला वाटत नाही. पहिल्या अभ्यासातली गोष्ट मात्र तुमच्या हातातली आहे. निकालानंतर अर्ज करणे थांबवू नका, एवढाच त्याचा तुमच्यापुरता अर्थ.

अर्थात हे अनंत काळ चालवायचे नाही. स्वतःसाठी दोन फेऱ्यांची मर्यादा ठरवा आणि ती तारखेसकट घरच्यांना सांगा, म्हणजे दर महिन्याला त्याच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागणार नाही. या काळात पदव्युत्तर प्रबंधातले निष्कर्ष एका शोधनिबंधाच्या रूपात पाठवा, कारण पुढच्या अर्जात गेल्या वर्षीपेक्षा नवे काय, हे पहिल्यांदा पाहिले जाते. एकाच योजनेवर भिस्त ठेवू नका. विद्यापीठाची स्वतःची, विषयाच्या संस्थांची, खासगी न्यासांची आणि परदेशी प्रयोगशाळांची अशी निदान चार-पाच ठिकाणी चाचपणी करा. अर्जासाठीचे बहुतेक कागद सारखेच लागतात. बदलते ते फक्त पहिले पान. दोन फेऱ्यांनंतरही जमले नाही आणि मातीच्या चाचणीचे, जैविक खतांचे किंवा शिक्षणाचे एखादे काम मिळाले, तर ते घ्या. तिथून परत संशोधनाकडे आलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि न आलेलीही पाहिली आहेत. दोन्हींमध्ये समाधानी लोक होते.

एक काम मात्र पुढच्या फेरीची वाट न पाहता याच आठवड्यात करा. प्रतीक्षायादी कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे आणि निवड झालेल्यांपैकी कोणी जागा न स्वीकारल्यास ती खाली सरकवली जाते का, हे शिष्यवृत्ती कार्यालयाला लेखी विचारा. दूरध्वनीवरचे उत्तर घेऊ नका. निवड झालेल्यांपैकी काही जण दरवर्षी नोकरी किंवा दुसरी फेलोशिप स्वीकारतात, आणि कपातीच्या वर्षी अशा सुटलेल्या जागा कोणी मागितल्या नाहीत तर त्या बचत म्हणून दाखवल्या जाण्याचा धोका असतो. त्याच पत्रात परीक्षकांचे अभिप्राय आणि तुमच्या गुणांचा तपशील मागा. देणे बंधनकारक नसले तरी मागितल्यावर पुष्कळदा देतात. पत्राची एक प्रत सरांना द्या, आणि प्रतीक्षायादीतल्या पहिल्या सहा जणांपैकी कोणी ओळखीचे असतील तर त्यांनाही असेच पत्र लिहायला सांगा. त्यांच्यापैकी एकेक वर सरकला, तरच तुमचा सातवा क्रमांक पुढे येणार आहे.